पाच गिलास, पाच सह्या

मी कमी बोलते, त्यामुळे माझ्याजवळ किस्से साठतात. बोलक्या मुलींचे किस्से स्कूल व्हॅनमध्येच वाटून संपतात. माझे तसेच राहतात आणि लिंबाच्या लोणच्यासारखे मुरत जातात. शिवाय न बोलणारी मुलगी खोलीत असली की खोलीत कुणीच नाही असं समजून मोठी माणसं वाट्टेल ते बोलतात, हेही एक आहेच!

आमच्या सोसायटीच्या कमिटीचे किस्से असेच साठले. बेसा भागात आमची चार मजल्यांची बिल्डिंग आहे. कमिटीत पाच जण, बाबा सेक्रेटरी. मीटिंग दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमच्या हॉलमध्ये होते, कारण आमचा कूलर सगळ्यांत मोठा आहे. आई पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला आहे आणि रविवारी तिची ड्यूटी असते. मग पाच जणांचं लिंबू सरबत कोण करणार? मी! नववीची परीक्षा तोंडावर असली तरी मीच!

लिंबं मात्र बाजारातून यायची नाहीत. खाली गेटजवळच्या झाडाची यायची. हे सगळं आत्ता लिहायचं कारण तेच. ते झाड तोडायचं या कमिटीने ठरवलं, तेही माझ्या हातचं सरबत पीत पीत, आणि तो ठराव लिहायला लावला मलाच.

*

लिहिण्याचं काम माझ्याकडे कसं आलं ते आधी सांगते.

पहिल्याच मीटिंगला अध्यक्ष वानखेडेकाकांनी विचारलं, "मिनिट्स कोण लिहिन?" सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"श्रावणीचं अक्षर छान आहे."

झालं! ट्रे खाली ठेवायच्या आत हातात रजिस्टर आलं. मिनिट्स म्हणजे काय ते कुणी सांगितलं नाही, म्हणून जे जे बोललं गेलं ते सगळं मी लिहिलं. टाकीचा विषय, लिफ्टचा विषय आणि "श्री. ढोमणे म्हणाले, मले आणखी एक गिलास भेटन का? बर्फ जास्त टाकजो."

शेवटी पाचही जणांनी खाली सह्या केल्या. वानखेडेकाकांनी तर सहीखाली दोन रेघाही ओढल्या. वाचलं कुणीच नाही! शाळेत सही करायच्या आधी वाचा, वाचा म्हणून आमचं डोकं खातात, आणि इथे पाच मोठ्या माणसांनी डोळे मिटून सह्या ठोकल्या. आमच्या सोसायटीच्या रजिस्टरचं पहिलं पान आजही हेच सांगतं की ढोमणेकाकांना बर्फ जास्त पाहिजे.

*

वानखेडेकाकांना शुगर आहे. त्यामुळे काकू कमिटीत नसूनही मीटिंगला येतात, पहारा द्यायला. "यांले बिनसाखरेचं दे वं," हे त्या दारातूनच सांगतात.

काकाही मोठ्याने म्हणतात, "हो बाप्पा, एकदम फिकं!" आणि पाच मिनिटांनी हात धुवायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात येतात, दोन बोटं वर करतात आणि निघून जातात. दोन बोटं म्हणजे दोन चमचे. मीही न बोलणारी, त्यामुळे हे प्रकरण कित्येक महिने बिनबोभाट चाललं.

मग काकांचा रिपोर्ट आला! काकूंनी भर मीटिंगमध्ये मला विचारलं, "काहून वं पोरी, तू साखर टाकून राहिली का यांच्या गिलासात?"

मी काकांकडे पाहिलं. काकांनी कूलरकडे पाहिलं.

"लहान आहे न ते," ते म्हणाले. "विसरत असन बिचारी. मी माफ केलं तिले."

माफ केलं! मला! पुढच्या महिन्यात हात धुवायला आले तेव्हा त्यांनी एकच बोट वर केलं. तेवढीच काय ती सुधारणा.

*

दुसऱ्या मजल्यावरच्या राऊतकाकू मोबाइलवर रील टाकतात. त्यांना साधं मीठ चालत नाही, गुलाबी मीठ लागतं. साखर चालत नाही, मध लागतो. दोन्ही पुड्या त्या पर्समध्ये घेऊन फिरतात.

एकदा मीटिंगच्या आधी तासभर आल्या. "श्रावणी बेटा, तुमच्या किचनमध्ये लाइट मस्त आहे गं. तू तुझं काम कर, मी फक्त थोडं शूट करते."

मी माझं काम केलं. वीस लिंबं धुतली, ओट्यावर तळहाताखाली फिरवून मऊ केली, कापली, पिळली, गाळणीने गाळली. तोडताना काटा लागून माझं बोट सोललं होतं, त्यात रस गेला आणि डोळ्यांत पाणी आलं. काकू म्हणाल्या, "थोडी बाजूला हो बेटा, तुझी सावली पडून राहिली."

शेवटी त्यांनी कॅमेऱ्यासमोर अर्धं लिंबू पिळलं, बियांसकट, आणि हसल्या.

संध्याकाळी रील आलं. 'माझ्या हातचं होममेड लेमोनेड!' त्यात पिळणारे हात माझे होते, मनगटापर्यंत. वर चेहरा काकूंचा. खाली कुणीतरी लिहिलं होतं, "ताई, काय नाजूक हात आहेत तुमचे!"

आणि त्याच्याखाली टाळ्या वाजवणारे तीन हात. पाठवणारे आमचे बाबा!

*

ढोमणेकाकांना सरबत पाहिजे, पण लिंबू आवडत नाही. एकदा ते सरबताच्या पावडरचा अख्खा खोकाच घेऊन आले. "कशाले इतकी मेहनत करते वं? हे टाक, हलव, झालं! बच्चे लोकाइनं अभ्यास केला पाहिजे."

अभ्यासाची काळजी होती तर तीन गिलास कशाला पिता, असं मी मनात म्हटलं. मनातच. आणि त्यांच्या गिलासात त्यांचीच पावडर टाकली. बाकीच्यांना नेहमीचं सरबत दिलं.

काकांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"कोणत्या झाडाचे लिंबं आहेत वं हे?"

मी बोटाने खाली दाखवलं.

"तरीच! ते झाडच बेकार निंगालं."

*

त्या झाडाबद्दल एवढं तरी सांगायलाच हवं. मी तिसरीत असताना पारशिवनीच्या मावशीने ते रोप दिलं. आईने एसटीत मांडीवर धरून आणलं. त्याला बिल्डिंगच्या नळाचं पाणी द्यायचं नाही असं तेव्हा ठरलं होतं, म्हणून आमच्या वॉटर फिल्टरमधून जे पाणी वाया जातं ते मी बादलीत धरायचे आणि रोज तीन मजले उतरवून घालायचे. लिफ्टमध्ये सांडतं म्हणून लिफ्ट नाही!

पाच वर्षं त्याला एकही लिंबू आलं नाही. तेव्हा ते 'तुमचं झाड' होतं. "तुमच्या झाडाचे काटे आमच्या स्कूटीले लागते." "तुमच्या झाडाचा कचरा किती पडून राहिला!" मी आठवीत असताना पहिला बहार आला. त्या दिवसापासून ते 'सोसायटीचं झाड' झालं. लोक पिशव्या घेऊन यायला लागले.

पाणी मात्र अजूनही आमचंच.

*

कमिटीतल्या पाचव्या म्हणजे गजभियेआजी. तळमजल्यावर राहतात, मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झाल्या आहेत. मला त्यांचाच सगळ्यांत जास्त राग यायचा.

बाकीचे निदान पितात तरी. आजी एक घोट घेतात, गिलास बशीत ठेवतात आणि माझ्याकडे सरकवतात. "नाही जमलं. परत करून आण."

एकदा साखर तळाशी राहिली म्हणून. "आधी साखर विरघळव, मग लिंबू. घाई कुणाला आहे?" एकदा कडू झालं म्हणून. "एवढं पिळतात का? शेवटचा थेंब सालीपाशी राहू दे." एकदा बर्फ आधी टाकला म्हणून. आणि बी निघाली तर संपलंच! ती बशीच्या काठावर ठेवायची, सगळ्यांना दिसेल अशी. एका रविवारी बशीत चार बिया ओळीने मांडल्या होत्या. चार! मला वर्गात बाकावर उभं केल्यासारखं वाटलं.

तोंडी परीक्षा असल्यासारखे एका दिवशी मी तीन गिलास केले. तिसरा त्यांनी संपवला. मला वाटलं, आता तरी छान म्हणतील.

"हं," आजी म्हणाल्या.

आईला मी रडत रडत हे सांगितलं. आईने विचारलं, "मीटिंग झाल्यावर गिलास धुवून कोण ठेवतं?"

कोणी नाही. फक्त आजी स्वतःचा तेवढा धुवून पालथा घालून जातात. पण म्हणून काय झालं? राग यायचा तो आलाच!

*

मार्चच्या मीटिंगला ढोमणेकाकांनी विषय काढला. त्यांच्याकडे दोन गाड्या आहेत. तिसरी अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, येणार होती. ती उभी करायला जागा एकच, गेटजवळची.

"एक झाड तर आहे," ते म्हणाले. "काढून टाकलं की गाडी आरामात बसते."

"विकास म्हटला की थोडं इकडंतिकडं होतेच," वानखेडेकाका म्हणाले.

"आणि त्याचे काटे किती लागतात," राऊतकाकू म्हणाल्या. त्यांना कधी लागले, देव जाणे!

गजभियेआजींचे त्या दिवशी डोळ्यांचे ड्रॉप चालू होते, त्या आल्या नव्हत्या. मी बाबांकडे पाहत होते. बाबा रजिस्टरकडे पाहत होते.

"परवानगीसाठी अर्ज करावा लागेल," बाबा म्हणाले. "त्याला कमिटीच्या पाचही सह्यांचा ठराव जोडावा लागतो."

"मग पुढच्या टायमाले ठराव लिहून ठेवजो," ढोमणेकाका मला म्हणाले आणि रिकामा गिलास पुढे केला. "आणखी आहे का वं?"

आणखी होतं. मी दिलं! याचा मला अजून राग येतो, आणि तो त्यांच्यापेक्षा माझाच जास्त येतो.

सगळे गेल्यावर मी बाबांना विचारलं, "तुम्ही सही करणार?"

"बेटा, एकाच बिल्डिंगमध्ये राहायचं आहे. वाकडं घेऊन कसं चालेल? आणि माझ्या एकट्याच्या सहीनं काय होतं?"

आईने ड्यूटीवरून आल्यावर सगळं ऐकलं. पर्स खांद्यावरच ठेवून ती परत खाली गेली आणि बराच वेळ झाडाजवळ उभी राहिली. मग वर येऊन बाबांना एकच म्हणाली, "तुम्ही सही करा. पण ते लिहायला लावलं कुणाला, हे एकदा पाहा."

बाबांनी पाहिलं नाही.

*

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी ठराव लिहून तयार होता. माझ्या सगळ्यांत चांगल्या अक्षरात. खाली पाच रेघा आखल्या, प्रत्येक रेघेवर नाव.

मग सरबत करायला गेले. त्या दिवशी कुणाचंही काही विसरायचं नाही असं ठरवलं होतं. वानखेडेकाकांचं एक बोट. राऊतकाकूंचं गुलाबी मीठ आणि मध. ढोमणेकाकांचा जास्त बर्फ. बाबांचं चिमूटभर जिरं. गजभियेआजींची साखर आधी विरघळवलेली, बर्फ शेवटी. सगळ्यांत पुदिन्याचं एकेक पान.

फक्त लिंबू नाही. एकाही गिलासात नाही.

कुणीतरी विचारेलच, मग सांगायचं एक वाक्य मी आरशासमोर पाठ केलं होतं. "झाड तोडल्यावर असंच मिळेल." एवढंच. पाच वेळा म्हणून पाहिलं होतं.

वानखेडेकाकांनी अर्धा गिलास एका दमात संपवला. "वा! आज जमलं तुले, पोरी!" आणि सही केली. दोन रेघा ओढल्या.

राऊतकाकू म्हणाल्या, "किती लाइट आहे! एकदम रिफ्रेशिंग." सही.

ढोमणेकाका म्हणाले, "आता कसं माणसाच्या पिण्यासारखं केलं! रोज असंच करत जा न वं." सही.

इतके महिने हातांची सालं निघेपर्यंत लिंबं पिळली तेव्हा कुणी असं बोललं नव्हतं! माझं वाक्य तसंच राहिलं. विचारलंच नाही कुणी, तर सांगणार कुणाला?

बाबांनी एक घोट घेतला. थांबले. गिलासात पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मग उरलेलं सगळं औषधासारखं पिऊन टाकलं आणि सही केली.

रजिस्टर गजभियेआजींकडे गेलं. त्यांनी चष्मा बदलला आणि वाचायला लागल्या. त्या रजिस्टरमधलं पान वाचताना मी कुणाला पहिल्यांदाच पाहत होते. वाचून झालं. पेनाचं टोपण काढलं. मग गिलास उचलला, एक घोट घेतला आणि तोंडात धरून ठेवला, बी शोधतात तसा.

"पोरी, यात लिंबू नाही."

"नाही," मी म्हणाले. पाठ केलेलं वाक्य पार पळून गेलं होतं.

"असं कसं होईन मॅडम?" ढोमणेकाका हसले. "मस्त तर झालं आहे!"

आजींनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पेनाला टोपण लावलं आणि पेन पर्समध्ये ठेवून चेन ओढली. मग एका हाताने गिलास आणि दुसऱ्या हाताने रजिस्टर, दोन्ही माझ्याकडे सरकवलं.

"दोन्ही नाही जमलं. परत करून आण," त्या म्हणाल्या. "आणि लिंबं तोडायला या खेपेला ढोमण्यांना पाठव."