गोंड्यांचा मांडव

आमच्या मामींनी आयुष्यात कुठलीही वस्तू एक अशी विकत आणली नाही. सुई हवी असली की सुयांचा गठ्ठा यायचा. साबण यायचा तो खोक्याने, आणि तो त्या सगळ्या आळीला वाटून देत. त्यामुळे आमच्या आळीतलं माणूस कडाव गावात डोळे मिटूनही वासावरून ओळखता येई. एकदा स्वस्त मिळाली म्हणून त्यांनी कर्जतहून पोतंभर नुसती झाकणं आणली आणि पुढे कितीतरी दिवस त्या झाकणांना बसतील अशी भांडी शोधत फिरल्या. गाव त्यांना होलसेल मामी म्हणे. त्यांना ते आवडायचं.

त्या माझ्या नवऱ्याच्या सख्ख्या मामी. त्यांचं घर आमच्या घराला लागून, मधे एकच भिंत. "एक घेतलं का दुकानदार तोंड फिरवतो, डझन घेतलं का बसायला स्टूल देतो," असं त्या मला शिकवीत. मला दुकानात तोंड उघडायचीच भीती, म्हणून माझीही खरेदी त्याच करत. मामा स्वभावाने गरीब. पोत्यांमधून जागा काढून बसलेले असत. कोणी आलं की म्हणत, "या घरात किरकोळीतला मी एकटाच हाय."

माझ्या सुषमाचं लग्न खालापूरकडच्या घरात ठरलं. सुपारी फोडायला विहीणबाई आल्या. जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाल्या, "आमच्यात मांडवाला खरी फुलं लागतात बरं का. कापडी फुलं बघितली का माझं डोकं दुखतं." माझा नवरा माथेरानला हॉटेलात स्वयंपाक करतो. तो कर्जतला सजावटवाल्याकडे भाव विचारायला गेला आणि घरी येऊन दोन तांबे पाणी प्यायला. तेवढ्या पैशांत सुषमाची भांडी आणि कपाट येणार होतं. फुलं लावली तर पोरगी रिकाम्या हाताने जाणार, आणि नाही लावली तर पहिल्या दिवसापासून टोमणे खाणार. मी हे नवऱ्याशिवाय कोणाला बोलले नाही. पण भिंत पातळ होती.

"मंदे, तोंड कशाला बारीक केलंस गं?" मामी आल्या त्या गठ्ठा घेऊनच. "फुलं घाऊक आणू, घरी ओवू. सुया हायत माझ्याकडं."

त्यांनी आळीतल्या बायांना गोळा केलं. फुलं अजून यायची होती, पण हात बसला पाहिजे म्हणून सराव तोंडल्यांवर केला. तोंडली अर्थात टोपलीभर आणली होती. आम्ही तोंडल्यांचे हार केले, तोंडल्यांची तोरणं केली, एकीने तोंडल्यांची वेणीही केली. मग ती सोडवून घरोघर भाजी झाली. पुरुष मंडळी जेवताना विचारत, "याला भोक कशानं पडलं?" बाया सांगत, "लगीन हाय."

आमच्याकडे झेंडूला गोंडा म्हणतात. मांडवाला पिवळे आणि केशरी गोंडे लावायचे, असं मामींनी ठरवलं. दादरला जायला त्या तयार नव्हत्या. घाटावरच्या एका व्यापाऱ्याकडून त्यांनी पूर्वी गुरांची दावी आणली होती आणि त्याचा भाव त्यांच्या मनात भरला होता. "दावी देतो तो गोंडे नाय देणार होय?" असं म्हणून त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. ते बोलणं मला अजून पाठ आहे.

"तुमच्याकडं गोंडे मिळतात का हो?"

"मिळत्यात की. कुठल्या रंगाचं?"

"पिवळे न् केशरी. ताजे हायत ना?"

"परवाच माल आलाय. किती जोड्या देऊ?"

"जोड्या काय करू? गोणीनं द्या. आन मान टाकणार नायत ना?"

"मान कशानं टाकतील? दोऱ्यानं आवळून बांधल्यात."

"बघा हां. मागच्या लग्नातले दुपारपर्यंत काळे पडले."

"आपला रंग वर्षभर हालत नाय, मावशी."

मामींनी फोन खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "वर्षभर म्हणाला. लबाड असला तरी आठ दिवस कुठं जात नायत."

हळदीच्या दिवशी सकाळी टेंपो आला. चार गोण्या उतरल्या. मामींनी गोण्या उघडायच्या आधी बादली मागवली. फुलांना प्रवासात उष्णता होते, आधी पाणी मारायचं, असं त्यांचं म्हणणं. आम्ही तांब्या तांब्याने पाणी मारलं. टेंपोवाला बाजूला उभा राहून बघत होता.

"मावशी, याला पाणी मारत्यात व्हय?"

"तुला काय कळतंय रं फुलातलं? तू गाडी चालव."

तो टेंपोला टेकला. मग मामींनी गोणी सोडली. आत लोकरीचे गोंडे होते, पोळ्याला बैलाच्या शिंगांना बांधतात ते. काहींना बारके घुंगरूही होते. घाटावर गोंडा म्हणजे हाच, झेंडू नव्हे, हे आम्हाला टेंपोवाल्याने समजावलं. आणि आम्ही ते चिंब भिजवून ठेवले होते.

मामींनी एक गोंडा उचलला, पिळला, नाकाशी धरला. आळी बघत होती. "वाण वेगळा दिसतोय," त्या म्हणाल्या.

मला रडू आलं. दुसऱ्या दिवशी दुपारी लग्न. मामी गोणीवर बसल्या. मग उठल्या. "आंब्याची पानं आणा. ओवायचं ते ओवायचंच. सुई काय विचारते का, काय ओवता म्हणून?"

दोन पानं, एक गोंडा, असं ओवत आम्ही दिवसभर बसलो. भिजलेल्या लोकरीचा रंग सगळ्यांच्या कोपरापर्यंत चढला. संध्याकाळी हळद लागली तेव्हा नवरी कोणती ते हातांवरून सांगता येत नव्हतं. हारांपुरता आणि मुंडावळ्यांपुरता चाफा नि मोगरा आळीतल्या अंगणांतून मिळाला. मांडव मात्र सगळा बैलांचा.

लांबून छान दिसत होता, हे खरं बोलायला हवं. अडचण वाऱ्याची होती. वारा आला की मांडव वाजायचा. शेजारची शेळी दर लग्नात येते तशी मांडवाची फुलं खायला आली, तिने एक गोंडा तोंडात घेतला आणि तशीच विचार करत उभी राहिली. नेमकी तेव्हाच वऱ्हाडाची गाडी आली.

विहीणबाई खाली उतरल्या. त्यांनी शेळीकडे बघितलं. मग दारातल्या खांबाशी जाऊन एक गोंडा बोटांत धरला. मामी पुढे झाल्या.

"टिकाऊ वाण हाय, विहीणबाई. घाटावरनं मागवलाय."

"माझं माहेर घाटावर हाय," विहीणबाई म्हणाल्या. "हे बैलांचे गोंडे."

वारा आला. मांडव तेवढा वाजला.

विहीणबाईंनी गोंडा उलटा करून बांधणी बघितली, लोकर ओढून बघितली. मग आवाज खाली आणून विचारलं, "कसे पडले?"

मामींनी त्यांच्या कानात भाव सांगितला. विहीणबाईंनी डोळे मोठे केले. "एवढ्यात? माहेरी माझ्या भावाला एक जोडी येत नाय एवढ्यात." आणि थोडं थांबून, "उरलेत का?"

मंगलाष्टकं चालू असताना विहीणबाईंची नजर मांडवावर होती. त्या मोजत होत्या. वरात निघाली तेव्हा गाडीत सुषमा, तिची भांडी, तिचं कपाट आणि एक गोणी होती. सुषमाला त्या घरात आजवर टोमणा ऐकावा लागला नाही. सासू तिला एवढंच विचारायची, "तुमच्या मामी आता काय मागवतायत?"

राहिलेले गोंडे कडावात अजून आहेत. किल्ल्यांना, छत्र्यांना, टेंपोच्या आरशाला, गाईच्या गळ्यात. एक आमच्या दाराला आहे. मामी सकाळी तुळशीला पाणी घालायला निघाल्या की जाताना त्या गोंड्यावर शिंतोडे मारत. "ताजे राहतात," म्हणत. चूक झाली असं त्यांनी शेवटपर्यंत कबूल केलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

गेल्या वर्षी त्या गेल्या. घरातले पुरुष बाकीच्या तयारीला लागले, म्हणून हार आणायला मला कर्जतला जावं लागलं. फुलवाल्याने हार काढून दिला. मी तो घेतला नाही.

"गोंडे गोणीनं काय भाव?" मी विचारलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "फुलांचे. लोकरीचे नकोत."

तो म्हणाला, "बाई, मढ्याला एक हार पुरतो."

"त्यांनी एक कधी काय घेतलं नाय," मी म्हणाले.

त्याने मला बसायला स्टूल दिलं.

आळीतल्या बाया ओवायला बसल्या. सुया त्याच गठ्ठ्यातल्या होत्या, अजून उरल्या आहेत. मामींना नेल्यावर आम्ही ओटा धुतला. माझ्या तांब्यात थोडं पाणी राहिलं होतं. घरी आले आणि दारावरच्या गोंड्यावर ते मारलं.