लेथचा आवाज दिसला तेव्हा

आमच्या वर्कशॉपमधला लोखंड कातायचा मोठा लेथ वडिलांच्या काळातला. गिऱ्हाइकाने प्रत्येक नगाची नोंद संगणकावर मागितली, आणि या लेथला तर संगणकाशी जोडायला साधी खाचही नव्हती. तो भंगारात काढावा लागेल, असं मी सांगितल्यापासून तो चालवणारे शंकरमामा माझ्याशी बोलेनासे झाले.

शेवटचा प्रयत्न म्हणून, जुनी यंत्रं संगणकाला जोडून देणाऱ्या मेधाताईंना बोलावलं. त्यांनी आधी मामांनाच विचारलं, "मामा, एक नग पुरा झाला हे तुम्हाला कशावरून कळतं?"

"आवाजावरून. टूल लोखंडात असलं की आवाज जड येतो, सुटलं की हलका."

ताईंनी लेथची थरथर टिपणारी काडेपेटीएवढी डबी त्याच्या अंगाला चिकटवली आणि तिची वायर संगणकाला जोडली. मामांनी लेथ सुरू केला. पडद्यावर हिरवी रेघ उसळली, टूल सुटताच खाली बसली, आणि शेजारी आकडा उमटला. एक.

मामा पडद्याजवळ आले. "रोज ऐकतो मी हे," ते हळूच म्हणाले. "असं दिसतं, ते ठाऊक नव्हतं."

मीही तो आवाज लहानपणापासून ऐकत आलो होतो. मला तो नुसता गोंगाट वाटायचा.

मामांनी रेघेतल्या एका बारीक दात्यावर बोट ठेवलं. "इथं टूलची धार चाललीय बघा."

मी टूल काढून पाहिलं. धार खरंच गेली होती. मेधाताईंनी वही उघडली आणि त्या स्टूल ओढून मामांसमोर बसल्या.

"मामा, आणखी काय काय ऐकू येतं तुम्हाला?"