ऊन लागलेला चक्का

सत्याची किंमत मोजावी लागली तरी चालेल, पण खोटं बोलू नये — हे मी घाटनांदूरच्या शाळेत एकतीस वर्षं सांगितलं. एका चीजकेकबद्दल काय बोललो, ते मात्र आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला तर नाहीच.

सुनंदा मोबाइलवर बघून तो शिकली होती. चुरलेल्या बिस्किटांचा थर, त्यावर चक्का, डब्यातलं घट्ट गोड दूध, लिंबाची किसलेली साल. मग शिट्टी काढलेल्या कुकरमध्ये मंद आचेवर तासभर. दूध गंगूमावशीचं. मावशीची एकच म्हैस, आणि आमच्या गल्लीतली पाच घरं.

गावच्या पुढाऱ्यांच्या नातीचा वाढदिवस होता. सुनंदाची ही पहिली ऑर्डर. ही जमली तर अंबाजोगाईहूनही येतील, असं ती म्हणायची — हळू, भाजी निवडताना. तिला आयुष्यात स्वतःचं असं एवढंच हवं होतं.

बिस्किटं आणायला ती पहिल्या गाडीने अंबाजोगाईला गेली. दह्याचं फडकं ओसरीत खुंटीला टांगलेलं. "अहो, ऊन यायच्या आत फ्रिजमध्ये ठेवा." एवढंच काम. आणि मी काय करत होतो? त्याच पुढाऱ्यांचं मानपत्र लिहीत होतो. ज्यांच्या हारतुऱ्यांवर मी कट्ट्यावर बसून हसायचो, त्यांच्यासाठी विशेषणं शोधत होतो. 'दीनदुबळ्यांचे कैवारी' लिहून मान वर केली, तेव्हा ऊन फडक्यावर येऊन बराच वेळ झाला होता.

मी ते मुकाट्याने फ्रिजमध्ये ठेवलं.

त्या दिवशी संकष्टी होती. चंद्र दिसेपर्यंत सुनंदा बोटही चाटणार नव्हती. मिश्रण तयार झालं, तशी तिने चमचा माझ्यापुढे धरला. चाखून सांगा म्हणाली. आंबट होतं — थोडं नाही, चांगलंच. सांगितलं असतं तर? दुसरं दही लावायला अजून वेळ होता. पण मग आंबट का झालं, तेही सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "झकास." दुसऱ्या दिवशी, वाढदिवसाला, तिचा उपवास नव्हता, पण कापलेला केक कोण पाठवतं?

पुढाऱ्यांच्या आईंनी पहिला घास घेतला. "सुनंदा, केक हाय का कढी?" सगळा मांडव हसला. एक जण म्हणाला, "आता खिचडी बी आणा." सुनंदा हसली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं — चाखलं होतं ना, एवढंच त्या बघण्यात होतं. आणि मी, कुणी विचारलेलं नसताना, म्हणालो, "गंगूमावशीचं दूध हल्ली असंच येतं."

"मग तिच्याकडून कावून घेता, मास्तर?" मांडवातून कुणीतरी विचारलं.

आठवड्यात पाचही घरांनी दूध बंद केलं. पहिलं आमचं. दुसरं काही करायला तोंड कुठे होतं?

मावशी आली ती भांडायला नाही. दारातच उभी राहिली. "मास्तर, तुमी शिकलेले. माज्या दुधात काय व्हतं ते सांगा. लोकं मला सांगंनात." मी म्हणालो, "उन्हाळा आहे, मावशी." ती म्हणाली, "बरं. म्हशीला सांगते तसं." आणि गेली. टोमणा होता की खरंच सांगणार होती, मला अजून ठरवता आलेलं नाही.

सुनंदाने परत केक केला नाही. मावशीच्या दुधामुळे आपलं हसं झालं, असं ती आजही मानते. तिने मावशीचा विषय काढला की मी पेपर उघडतो.

मावशीने म्हैस विकली आणि युसूफ वडगावला लेकीकडे राहायला गेली. मागच्या महिन्यात तिथेच वारली. दहाव्याला मी एकटाच गेलो. लेकीने ओळखलं, बसायला सतरंजी टाकली, चहा दिला.

कोरा होता. घरात जनावर नव्हतं.