गुरुवारचं तळं

आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. रविवारी सगळं जग घरी असतं तेव्हा मी चाकणला मशीन शॉपमध्ये असतो, आणि मी घरी असतो तेव्हा जग आपापल्या कामाला गेलेलं असतं. माझी नऊ वर्षांची मुलगी लातूरला शाळेत जाते. तिची आई तिकडेच जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. बदलीचा अर्ज आम्ही न चुकता करतो आणि आमचं नाव न चुकता यादीत खाली कुठेतरी असतं. नोकरी सोड असं मी तिला कधी म्हटलं नाही, तिनंही मला म्हटलं नाही. आम्ही दोघं फार समजूतदार आहोत, त्याचा मला कधीकधी संताप येतो.

दिघीतलं हे घर मी मोठ्या हौसेनं घेतलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे दहा बाय बाराची मोकळी जागा. जागेच्या पलीकडे मिलिटरीची भिंत, भिंतीपलीकडे नुसतं गवत. बदली झाली की दोघी येतील, मागे झोका बांधू, असा बेत होता. झोक्याच्या जागी गाजर गवत कमरेएवढं वाढलं.

गेल्या दिवाळीत दोघी आल्या आणि चौथ्या दिवसापासून पोरीनं परत जायचा धोशा लावला. नंतर बायकोनं फोनवर सहज सांगितलं, "ती म्हणते, पप्पांकडे काय आहे? टीव्ही आणि पप्पा." बायको हसली, मीही हसलो. फोन ठेवल्यावर मात्र मला राग आला, आणि तो कुणाचा हे कळेना, म्हणून मी गॅसची शेगडी घासून काढली. राग आला किंवा वाईट वाटलं की मी काहीतरी घासतो. घर माझं एकदम लखलखीत असतं.

त्याच दिवाळीत भोसरीतल्या एका हॉटेलात गल्ल्याशेजारी माशांची काचपेटी होती. डोसा गार होईपर्यंत पोर तिच्यासमोरून हलली नव्हती. ते आठवलं आणि मी ठरवलं, पेटी नाही, मागच्या जागेत चांगलं तळंच करायचं. फोनवर तिला सांगितलं तर तिनं एकच विचारलं, त्यात पाय सोडून बसता येईल का. येईल म्हटलं. मग आईशी तिची काहीतरी कुजबुज झाली आणि बायकोनं ठरवून टाकलं. मे महिन्यात ती मुलीला घेऊन येणार, दोन दिवस राहून प्रशिक्षणासाठी परत जाणार. मुलीला करमलं तर शाळा उघडेपर्यंत ती माझ्याकडे राहील. नाही करमलं तर आईबरोबर परत.

तळ्याचा नकाशा मी पार्टच्या तपासणीच्या कोऱ्या फॉर्मच्या पाठीवर काढला. सहा फूट लांब, चार फूट रुंद, अडीच फूट खोल, एका बाजूला काठावर बसायला नऊ इंच रुंद पायरी. कंपनीत दाखवला तर पोरं म्हणाली, राव, एवढ्या बारकाईनं तर आपण गिऱ्हाइकाचा पार्टपण मोजत नाही. कुणी म्हणालं, पोहायला आम्हाला बोलवा. मीही त्यांच्यात हसलो. दुपारच्या जेवणाला बोलायला एक विषय झाला, तेही काही कमी नव्हतं.

खणायला मजूर लावला नाही. गुरुवार घालवायचा कसा हा माझा जुना प्रश्न होता, तो अनायासे सुटला. वरची वीतभर माती निघाली आणि खाली मुरूम लागला. पहारीनं ढिला करायचा, फावड्यानं भरायचा, घमेल्यानं कोपऱ्यात नेऊन टाकायचा. चार गुरुवार तेच केलं. हाताला फोड आले. संध्याकाळी फोनवर मी खड्ड्यात उभा राहून पोरीला दाखवायचो, आज गुडघ्यापर्यंत, आज मांडीपर्यंत.

शेजारी मूळच्या दिघीच्याच एक मावशी राहतात. त्यांच्या सासऱ्यांची इथं सगळी शेती होती, आता घराभोवती केळीची चार खुंटं आणि नळाचं पाणी साठवायच्या निळ्या ड्रमांची रांग उरलीय. आधी त्यांना वाटलं मी शौचालयाची टाकी खणतोय. तळं म्हटल्यावर त्या कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिल्या. गवंड्याकडून विटांचं बांधकाम आणि गिलावा करून घेतला तेव्हा त्यांनी भिंतीवरून बजावलं की नव्या सिमेंटात मासा जगत नाही, चुन्यानं मरतो. त्यांनीच केळीचं एक खुंट तोडून तुकडे करून दिले. ते पाण्यात आठ दिवस कुजवले, पाणी उपसलं, पुन्हा भरलं, पुन्हा उपसलं. शेवटच्या वेळी भरल्यावर, नळाच्या पाण्यातलं औषध उडून जावं म्हणून, पाणी दोन दिवस तसंच उघडं ठेवून शिळं करायला सांगितलं, तेही केलं. मग भोसरीहून सात मासे आणले.

सहा नारिंगी होते आणि एक पांढरा. पांढऱ्याच्या डोक्यावर बरोबर मधोमध नारिंगी ठिपका होता. पोरीनं फोनवर बघताच त्याला टिकलीवाला म्हणायला सुरुवात केली. त्यानंतर रोज संध्याकाळी साडेसातला फोन यायचा तो टिकलीवाल्यासाठी. मी मोबाइल पाण्यावर धरून वाकलेला, आणि लातूरहून सूचना, पप्पा, डावीकडे. पप्पा, अजून खाली. त्यात माझी चौकशी नसायची, पण मला चालायचं. दिवसभरात मशीनच्या आवाजाशिवाय जे काही ऐकायचो त्यात ते सगळ्यात गोड होतं.

एप्रिलमध्ये पाणी हिरवं व्हायला लागलं. उन्हानं होतं, मासे त्यात मजेत असतात, असं मावशी म्हणाल्या. पण फोनवर पोरगी कुरकुरायला लागली की काहीच दिसत नाही, नुसतं हिरवं दिसतं. शेवटी शेवटी फोन दोन मिनिटांत आटपायला लागला. मला धडकी भरली. मे उजाडला होता आणि दोघी येणार होत्या शुक्रवारी सकाळी.

इथं माझं काम सांगायला हवं. मशीनवर धातू कापताना पात्यावर दुधासारखं पांढरं पाणी सतत सोडतात, त्याला आम्ही कूलंट म्हणतो. त्या टाक्या वीस वर्षं माझ्याकडे आहेत. टाकीला वास आला, तवंग आला, की सगळी रिकामी करायची, तळ ब्रशनं घासायचा, धुवायचा आणि नवं भरायचं. तपासणीला येणारे साहेब माझ्या टाक्या बघून मान डोलावतात. तळ दिसला म्हणजे काम चोख, हे माझ्या हाडात बसलंय.

आदल्या दिवशी, गुरुवारी सकाळी, मी सातही मासे बादलीत काढले आणि टाकीला करतो तसंच तळ्याला केलं. भिंतींवरचं मऊ हिरवं शेवाळ तारेच्या ब्रशनं खरवडलं, कोपऱ्यांतून जुना टूथब्रश फिरवला. पाणी आमच्याकडे एक दिवसाआड येतं, नेमका पाण्याचा दिवस होता, नळाला पाइप लावून तळं काठोकाठ भरलं. शिळं करायला दोन दिवस नव्हते. पाण्याला औषधाचा वास येत होता. आपण तेच पितो, असं मी स्वतःला सांगितलं. मासे सोडले. तळ्याचा तळ इतका स्वच्छ दिसत होता की मी फोटो काढून लातूरला पाठवला. तिकडून लगेच नाचणाऱ्या अस्वलाचं स्टिकर आलं.

दुपारी जेवून मागे आलो तेव्हा मासे वर येऊन तोंड उघडत होते. मला वाटलं खायला मागतायत, मी खाणं टाकलं. चार वाजेपर्यंत सातही मेले होते. टिकलीवाला पायरीपाशी आडवा तरंगत होता. मी एकटाच होतो, म्हणून रडलो. कुणी असतं तर रडलो नसतो, पण कुणी असतं तर तळं कशाला खणलं असतं?

मावशींना भिंतीवरून सगळं दिसलं. त्या काही विचारत बसल्या नाहीत. त्यांनी आधी नळाचं पाणी उपसून टाकायला लावलं, मग आपल्या ड्रममधलं चार दिवसांचं पाणी पाइपनं माझ्या तळ्यात सोडलं. मी म्हणालो, भोसरीला जाऊन तसलेच सात घेऊन येतो, पोरीला कळणार नाही. त्या म्हणाल्या, "अरं, पोर तुझ्याकडं येतीय का माशांकडं? खरं सांग तिला. लेकराला समदं कळतंय."

मी ऐकलं नाही. दोन दुकानं फिरलो. सहा नारिंगी लगेच मिळाले. पांढऱ्यात टिकलीचा मिळेना, शेवटी एक सापडला, त्याचा ठिपका जरा उजवीकडे, डोळ्याकडे सरकलेला होता. एवढा फरक चालेल, असं मी म्हटलं. वीस वर्षांत कंपनीत मी असं कधी म्हटलेलं नाही.

शुक्रवारी दोघी आल्या. पोरगी चपला न काढताच मागे धावली, पायरीवर बसून पाय पाण्यात सोडले आणि बराच वेळ पाण्यात बघत राहिली. मी मागे उभा होतो. छान आहे, म्हणाली. टिकलीवाल्याचं नाव तिनं काढलं नाही, त्या दिवशी नाही आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतही नाही. बायकोनं दोनदा विचारलं, राहतेस ना? तिनं बघू म्हटलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बायकोनं दोघींच्या बॅगा भरून खाटेवर ठेवल्या.

मी तळ्यापाशी जाऊन बसलो. थोड्या वेळानं पोरगी येऊन शेजारी बसली.

"पप्पा, हा टिकलीवाला नाही ना?"

नाही म्हणालो. मग सगळं सांगितलं, ब्रश, नळ, औषधाचा वास, भोसरीतली दोन दुकानं. तिचे डोळे भरले, पण ती रडली नाही. पाण्यात पाय हलवत राहिली.

मग म्हणाली, "तुम्ही आईला रोज सांगता, मी जेवलो, मी मजेत आहे. तेपण असंच सांगता का?"

मिलिटरीच्या गवतातून मोर ओरडला. मी अंगठ्यानं पायरीची कड घासत राहिलो.

"जेवतो गं रोज," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग ओले पाय तसेच घेऊन ती आत गेली. दारापासून खाटेपर्यंत फरशीवर तिच्या पावलांचे ठसे उमटले, आणि एरवी मी ते लगेच पुसले असते. बायको काहीतरी विचारत होती. मला फक्त बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला. वाकून पाहिलं तर पोरगी आपले कपडे एकेक करून बाहेर काढत होती.