आधी बार लाव!

सहामाहीचा गणिताचा पेपर हातात पडला तो दिवस अजून लख्ख आठवतो. चिंचवडची आमची शाळा, चौथीचा वर्ग आणि मला शंभरात एकोणीस मार्क! बाईंनी स्पष्टच सांगितलं, वार्षिकला असंच झालं तर पुन्हा चौथी.

पुन्हा चौथी म्हणजे माझी मैत्रीण शकू एकटी पाचवीला मोठ्या शाळेत जाणार. आमच्या दोघींच्या एकाच रंगाच्या रिबिनी ठरल्या होत्या हो... मी घरी येईपर्यंत रडत होते.

बेरीज, वजाबाकी, पाढे सगळं यायचं मला. घोडं पेंड खायचं ते शाब्दिक उदाहरणात. नुसत्या शब्दांची गर्दी... त्यात मिळवायचं की वजा करायचं, हे मला कळायचंच नाही. मग मी सरळ देवाचं नाव घेऊन बेरीज करायची.

अण्णा, म्हणजे माझे वडील, कंपनीत कटिंग सेक्शनला होते. लोखंडाचे लांबलचक बार मशीनला लावायचे आणि मापात कापायचे, हे त्यांचं काम. गुरुवारी कंपनीला सुट्टी. त्या गुरुवारी शाळेतून आले तर ते माझा पेपर घेऊनच बसले होते. स्वतः चौथीपर्यंतच शिकलेले, पण चेहरा असा की जणू साहेबाने ड्रॉइंग हातात दिलंय.

"वाच," म्हणाले. मी वाचलं. नीला आणि शरदकडे मिळून बत्तीस बोरं आहेत, नीलाकडे शरदपेक्षा आठ जास्त, तर प्रत्येकाकडे किती? मी पेपरात बत्तीस अधिक आठ करून चाळीस लिहिलं होतं.

अण्णांनी खडू घेतला आणि फरशीवर एक लांब पट्टी काढली. खाली दुसरी, जरा आखूड.

"हा नीलाचा बार, ह्यो शरदचा. सांग, जास्तीचं टोक कुठं हाय?"

मी बोट ठेवलं. "मग ते काप आधी. आता राहिले दोन सारखे बार. दोन्ही मिळून किती?"

चोवीस! म्हणजे एकेक बार बारा बोरांचा. कापलेलं टोक नीलाला परत दिलं की तिची वीस. मी फरशीकडे बघतच राहिले... एवढंच होतं? त्या एका संध्याकाळी मी पुस्तकातली अकरा उदाहरणं सोडवली. आई ओरडली तेव्हा कळलं की खडू चुलीपर्यंत पोचलाय.

"ध्यानात ठेव," अण्णा म्हणाले, "उदाहरण आलं की घाबरायचं न्हाई. आधी बार लावायचा."

आणि इथेच घोळ झाला. दोन दिवसांनी बाईंनी वर्गात विचारलं, "उदाहरण वाचल्यावर पहिल्यांदा काय कराल?" मी टुणकन उठले. "बाई, बार लावीन!"

वर्ग खो खो हसायला लागला. आमच्याकडे बार लावतात तो तंबाखूचा. बाईंचा चेहरा लाल. कोणी शिकवलं विचारलं तर मी अभिमानाने सांगितलं, "अण्णांनी. ते कंपनीत रोज लावतात." झालं! गुरुवारी वडिलांना घेऊन ये, असा हुकूम सुटला.

अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून आले. तंबाखूची डबी मात्र आईने आधीच काढून घेतली होती, ते बरंच झालं. बाईंनी चांगलं खडसावलं. अण्णा आधी गोंधळले, मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते असे काही हसले की बाई आणखीच चिडल्या.

"बाई, तिला एक उदाहरण घाला की. मग बोला."

बाईंनी फळ्यावर लिहिलं, ९६ सेंटिमीटरच्या काठीचे चार समान तुकडे केले, एक तुकडा केवढा? मी बार काढला, तीन रेघा मारल्या आणि म्हणाले, "चोवीस... पण थोडं कमी."

"थोडं कमी म्हणजे?"

मी काही बोलायच्या आत दारातून अण्णा म्हणाले, "तीन कट आले न्हवं! पातं खातंय की बाई. तेवढं सोडाय नको?"

बाईंनी फळ्यावरच्या तीन रेघा मोजल्या. करवतीचं पातं जाईल तेवढी काठी भुसा होऊन जाणार, हे त्यांना पटलं असावं. मग त्याही हसल्या. "अहो, पुस्तकातलं पातं काही खात नाही!" आणि मी काढलेल्या बाराखाली त्यांनी स्वतः पुढचं उदाहरण लिहिलं... सगळ्या वर्गासाठी. तेव्हापासून शकूसुद्धा बारच लावायला लागली.

वार्षिकला पुन्हा काठी आली, यावेळी पाच तुकड्यांची. मी उत्तर लिहिलं आणि राहवेना म्हणून कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं, 'पातं धरलं नाही.' पेपर परत मिळाला तेव्हा त्या उदाहरणाला पूर्ण मार्क होते, आणि त्याखाली लाल शाईत बाईंचं अक्षर... 'मीही नाही.'

एकाहत्तर मार्क. पाचवी पक्की, रिबिनीसुद्धा.

अण्णांनी तो पेपर डब्याच्या पिशवीतून कंपनीत नेला. संध्याकाळी आले ते कॉलर ताठ करून. म्हणाले, "सगळ्या सेक्शननं बघितला. पोरगी पास हाय म्हणाले... पन बाईंनी कटिंगला यायला पायजे एकदा."

परवा नातीच्या वहीत तश्शाच पट्ट्या दिसल्या. "आजी, याला बार मॉडेल म्हणतात, तुला नाही कळायचं," म्हणाली. मी खडू मागितला. अण्णा, आज तुमचा बार पुन्हा फरशीवर लागला हो... आणि पोरीने पहिला प्रश्न काय विचारला असेल? "आजी, दोन तुकड्यांच्या मध्ये गॅप का सोडलीस?"