टाचणीने शिडाच्या दोऱ्या बदलल्या

माझ्या धाकट्या नणंदेला सगळे टाचणी म्हणतात. चाळीस वर्षं तिने शाळेचे गणवेश शिवले, आणि तेवढी वर्षं तोंडात टाचण्या धरूनच बोलली. दुकान बंद झालं तरी अजून ओठांच्या एका कोपऱ्यातूनच बोलते. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणते, "माप घ्यायला कुणी उभाच राहिला नाही."

तिचा जीव माझ्या सासऱ्यांच्या होडीत. होडी लहान, डोलकाठी एक, शिडं दोन, आणि कागदावर नावं दोघा बहीणभावाची. गेल्या वर्षी ही बाई सत्तरी गाठून डोलकाठीवर चढली. माझ्या नवऱ्याने तिथल्या तिथे सांगून टाकलं, "यापुढे कोणालाही वर चढावं लागलं, तर होडी विकायची." ती हो म्हणाली. शब्द पाळण्यात दोघं एकाच मुशीतली.

यंदा शिडं वर ओढायच्या दोन्ही दोऱ्या विरल्या. हात फिरवला तर कुसं टोचायची. दोरी जाते डोलकाठीच्या टोकाच्या कप्पीतून. ती तुटून खाली आली, की नवी ओवायला वर जाणं आलंच. म्हणून जुनी शाबूत आहे तोवर तिच्या टोकाला नवी शिवायची आणि जुनी ओढून काढायची. मागोमाग नवी येते. पायजम्यात नाडी घालतो तसंच.

दुसरं टोक धरायला तिने मला नेलं. नवरा धक्क्यावर येऊन बसला, आणि शेजारी सुताराला बसवलं. सुतार दोन वर्षं होडी मागत होता.

टाचणीने जाड सुईने झकास जोड शिवला आणि ओढायला लागली. नवी दोरी सरसर वर गेली आणि कप्पीपाशी अडकली. तिने लोंबकळून हिसका दिला.

"ओढू नको," मी म्हटलं. "टाका तुटला तर संपलं."

"काय झालं गं?" धक्क्यावरून नवऱ्याने विचारलं.

"काही नाही, दमलेय."

"तू, की दोरी?"

मी माझ्या बाजूने हळूहळू ओढून जोड खाली आणला. बघते तर बाईने दोन्ही टोकं आत दुमडून, वरून दुहेरी शिलाई मारलेली. अंगठ्यापेक्षा जाड.

"अगं, दुमड कशाला घातलीस?"

"मग काय कच्ची कड शिवू?"

"गाठ मोठी झाली की नाडी नेफ्यात अडकते, हे मी तुला सांगायचं?"

"वहिनी, कच्च्या कडेचं काम माझ्या हातून आजवर गेलं नाही."

"मग होडी जाईल. बघ बाई, तुझं तू ठरव."

तिने जोडावरून अंगठा फिरवला. धक्क्यावर सुतार उठून उभा राहिला. तेव्हा तिने कात्री काढली, सगळं उसवलं, टोकाला टोक भिडवून आडवे टाके घातले आणि वरून पातळ चिकटपट्टी गुंडाळली. चेहरा असा, की कुणी तिला भर बाजारात उलटा झगा घालून उभं केलंय.

पुन्हा ओढलं. जोड कप्पीशी जरा थबकला. मी पदर तोंडात धरला. मग तो गेला आणि पलीकडून खाली आला. दुसरी दोरी एका दमात झाली. टाचणीने जोड कापून नवी दोरी शिडाला बांधली आणि शीड वर चढवलं.

सुताराने शिडाकडे बघितलं, मग माझ्या नवऱ्याकडे. "काका, म्हणजे विकायची नाही?"

"वर चढलं का कुणी?"

"नाही."

"मग कशी विकू?" नवरा म्हणाला. हरल्याचं वाईट वाटलं की सुटल्यासारखं झालं, हे पन्नास वर्षं संसार करूनही मला ओळखता आलं नाही. पायजमा गुडघ्यापर्यंत ओढून तो होडीत उतरला आणि बरोबर मधोमध बसला.

"दादा, तिकडे सरक. शीड फिरलं की खालचा दांडा डोक्यात बसेल."

एरवी हा माणूस घरात खुर्चीवरूनसुद्धा उठत नाही. निमूट सरकला. तिने होडी सोडली.