साडभाऊंची गाय

रोज सकाळी गाईची धार काढणारा आणि खरी गाय समोर आली की रस्ता बदलणारा माणूस अख्ख्या नागपुरात एकच आहे, आणि तो नेमका आमच्या नात्यात निघाला. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, म्हणजे माझा साडभाऊ. रामदासपेठेतल्या एका इस्पितळाच्या तळघरात त्यांचा विभाग आहे. तिथे रोग्याच्या शिरेत थेंबभर किरणोत्सारी औषध सोडतात आणि ते शरीरात कुठे कुठे जाऊन बसलं याचा फोटो काढतात. ज्या धातूपासून हे औषध बनतं त्याचं नाव टेक्नेशियम. हा धातू कुणी खाणीतून उकरून आणत नाही, आणि करून ठेवावा तर सहा तासांत निम्मा होतो. म्हणून तो रोज ताजा काढावा लागतो. त्यासाठी दर सोमवारी शिशाच्या जाड भांड्यात बंद होऊन मॉलिब्डेनम नावाचा दुसरा धातू येतो. तो आपला आपण झिजत असतो आणि झिजता झिजता त्याचा टेक्नेशियम होत असतो. सकाळी भांड्याच्या एका बाजूने मिठाचं पाणी सोडलं की दुसऱ्या बाजूने ते टेक्नेशियम घेऊन बाहेर येतं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पुन्हा पान्हा. या धंद्यातली माणसं त्या भांड्याला गाय म्हणतात आणि या कामाला दूध काढणं. आमच्या साडभाऊंना हा शब्द इतका आवडला की तो त्यांनी तळघरात ठेवलाच नाही. फाटकाशी कुणी विचारलं, "कुठं चालले इतक्या सकाळी?" की चेहऱ्यावरची रेषही न हलवता ते सांगत, "गाईची धार काढाले."

खऱ्या गाईची मात्र त्यांना विलक्षण भीती. खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीत ते वाढले. तिथे लहानपणी एका गाईने त्यांना भिंतीशी दाबून धरलं होतं म्हणे. स्वतः ते असं कधी कबूल करत नाहीत. "भीती नाही गा, नियम आहे," म्हणतात. नियम असा की किरणोत्सारी वस्तूपाशी वेळ कमी घालवायचा, अंतर जास्त ठेवायचं आणि मधे आडोसा घ्यायचा. वेळ, अंतर, आडोसा. हा नियम त्यांनी गाईंना लावला, शेजाऱ्यांना लावला आणि आमच्या समस्त नातेवाईकांना लावला. लग्नात एखाद्या तापट मामांची गाठ घ्यायचीच असेल तर साडभाऊ आधी मला शोधून काढत, मला मधे उभं करत, माझ्या खांद्यावरून "नमस्कार मामा, येतो मामा" इतकं एका दमात म्हणत आणि पंगतीच्या दुसऱ्या टोकाला पोचत. पुढचे दोन तास मामा मला धरून बसत. एकदा मी चिडून म्हटलं, "साडभाऊ, मले काहून मधात घालता दर वेळी?" तर माझ्या पोटाकडे प्रेमाने बघून म्हणाले, "शिसं जाडच लागते गा."

दुसरं वेड अर्धायुष्याचं. एखादी वस्तू निम्मी व्हायला लागणारा वेळ म्हणजे तिचं अर्धायुष्य. साडभाऊंच्या मते जगातल्या प्रत्येक गोष्टीला ते असतं, फक्त कुणीतरी घड्याळ लावून बसायला हवं. सावजी रश्श्याच्या जिभेवरच्या आगीचं त्यांनी काढलं होतं, नव्या नवरदेवाच्या उत्साहाचं काढलं होतं. बायकोच्या रागाचं तर अगदी पक्कं. घरी भांडण झालं की ते इस्पितळातून थेट माझ्याकडे येऊन बसत, चहा घेत, घड्याळ बघत. मी जेवायला थांबा म्हटलं तर म्हणत, "नको, राग आता पावच राहिला असंल. निघतो." आमच्या दोघांच्या बायका म्हणजे सख्ख्या बहिणी, दिसायला एकसारख्या, हट्टही एकच. त्यांना एकदा भर जेवणात ते समस्थानिक म्हणाले. म्हणजे एकाच मूलद्रव्याचे दोन नमुने, नाव तेच, जागा तीच, फक्त वजन वेगळं. "त्यातला एक स्थिर असते अन् एक किरणोत्सारी," एवढं बोलून ते पोळीकडे वळले. कोण कुठली हे त्यांनी आजतागायत सांगितलेलं नाही, आणि त्या एका वाक्यापायी त्या दिवशी दोन्ही घरांत संध्याकाळी खिचडी शिजली.

या माणसाला सासू मिळाली ती उमरेडची. विणकराचं घर. सासऱ्यांच्या मागे माग बंद पडला, पण सासूबाईंचा शिस्तीचा ताणा काही सैल झाला नाही. चुलीवरची पहिली पोळी गाईची, हा त्यांचा नेम. तापाने फणफणल्या तरी उठून गाईची पोळी करणार आणि दारात उभं राहून हाक मारणार, "ये वं माय, ये." आपला धाकटा जावई इस्पितळातली नोकरी सांभाळून गाय पाळतो, या एका गोष्टीवर त्या त्याला सगळे गुन्हे माफ करत. तळघरातली गाय म्हणजे शिशाचं भांडं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आम्हाला वाटे धाकटीने सांगितलं असेल, धाकटीला वाटे आम्ही. साडभाऊंना तर सांगण्यासारखं काही आहे हेच ठाऊक नव्हतं.

एका दिवाळीत उमरेडला आम्ही सगळे जेवत होतो. सासूबाई वाढता वाढता म्हणाल्या, "जवाईबापू, गाय व्याली म्हंजे खरवसाचं दूध पाठवजा मले."

साडभाऊ खुशीत होते. "आई, आमची गाय तं दर सोमवारी नवी येते."

"दर सोमवारी? अन् जुनीचं काय करता?"

"आटली का परत पाठवून देतो कंपनीले. ठेवून काय करता तिले?"

सासूबाईंच्या हातातली पळी थांबली. साडभाऊंनी वाटी पुढे करून आणखी रस्सा मागितला. तो त्यांना मिळाला नाही, आणि त्या दिवसापासून सासूबाईंनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. का, ते कुणालाच सांगितलं नाही. जावई आला की त्या आतल्या खोलीत जात. साडभाऊंनी नेहमीचा उपाय केला. म्हणाले, "रागाचं अर्धायुष्य जरा मोठं दिसून राहिलं. थांबू." थांबले. एक दिवाळी गेली, दुसरी गेली. साडभाऊ वेळ कमी घालवत राहिले, अंतर ठेवत राहिले, आणि आडोशाला अर्थातच मी होतो. पण राग होता तेवढाच राहिला.

मग सासूबाईंची पाठ दुखायला लागली. काही वर्षांपूर्वी त्यांच्या छातीतली गाठ काढलेली होती, त्यामुळे डॉक्टर पाठीवर मलम देऊन मोकळे झाले नाहीत. गाठीचं दुखणं हाडांत उतरलं की काय ते बघायला हवं, म्हणाले. त्यासाठी सगळ्या हाडांचा तो फोटो काढायचा आणि तो साडभाऊंच्या तळघरातच. सासूबाईंनी नकार दिला. दुसरीकडे नेतो म्हटलं तर म्हणाल्या, तिथला फोटोही शेवटी तोच बघणार. दोन्ही समस्थानिक फोनवर रडून थकल्या. शेवटी घरातलं जाड शिसं उमरेडच्या बसमध्ये बसवून पाठवण्यात आलं.

मी पोचलो तेव्हा त्या मेथी निवडत होत्या. मी हळूच विषय काढला, "आई, काहून नाही म्हणता? चांगलं मशीन आहे, दुखत नाही."

"मशीनले मी काय म्हणतो? त्या मानसाच्या हातून नाई." मेथीची काडी त्यांनी कचकन मोडली. "जो मानूस आटलेली गाय आठ दिवसांत परत पाठवते, त्याच्याजवळ मी जाऊ? मी बी आटलीच आहे ना आता. माह्या हाडात काई निघालं, तं उद्या माह्या लेकीले बी म्हणंल, बुढीले ठेवून काय करता."

मला आधी हसू आलं. मग मी त्यांच्याकडे पाहिलं आणि ते कुठल्या कुठे गेलं. इतके दिवस ही बाई हे एकटीने मनात धरून बसली होती. आजाराची नव्हे, आपण घराला नकोशा होऊ याची त्यांना भीती होती. मी घाईघाईने सांगायला गेलो की आई, तिथे गायच नाही, ते शिशाचं भांडं आहे. त्याने प्रकरण जास्तच बिघडलं. "गायच नाई? म्हंजे इतकी वर्सं खोटं बोलून राहिला तो मानूस?"

मी अंगणात जाऊन साडभाऊंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. एरवी ज्याच्या तोंडात प्रत्येक गोष्टीचं गणित तयार, तो माणूस फक्त "येतो" म्हणाला. दुपारच्या बसने आले आणि कुणालाही मधे न घेता थेट सासूबाईंच्या समोर जमिनीवर बसले. "आई, चुकलं माझं. उद्या चला. गाय दाखवतो, मग नाही म्हणा."

दुसऱ्या दिवशी सासूबाई आल्या त्या फडक्यात पोळी आणि गूळ बांधून. गाईकडे जायचं तर रिकाम्या हाताने कसं जाणार? साडभाऊंनी त्यांना दारातच उभं केलं, कारण आत जायला बाहेरच्या कुणालाच परवानगी नव्हती आणि पोळीला तर मुळीच नव्हती. तिथूनच त्यांनी जाड काचेमागचं भांडं दाखवलं.

"हे गाय?"

"हाव आई."

"अन् दूध?"

साडभाऊंनी काचेपलीकडची बाटली दाखवली. सासूबाईंनी पदर सावरून वाकून पाहिलं. "दुधात पानी टाकनारे लय पाहिले म्या, जवाईबापू. तुमी तं दूधच टाकत नाई."

तळघर हसलं, नर्स हसल्या, आणि दोन दिवाळ्यांनंतर सासूबाई जावयाशी बोलल्या हे आमच्या जरा उशिरा लक्षात आलं. साडभाऊ मात्र हसले नाहीत. ते समजावून सांगत होते, आपल्या लेकराला सांगावं तसं. "यात आई बसली आहे, आई. तिची लेक रोज तयार होते. आम्ही मिठाचं पाणी सोडतो, तं लेक तेवढी बाहेर येते. आई आतच राहते."

"मिठाच्या पान्यानंच निघते लेक घरातून," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्याही दोन निघाल्या होत्या. मग त्यांनी विचारलं, "अन् आई आटली म्हंजे?"

"पुरी आटत नाही कधी. अर्धी होते, मग अर्ध्याची अर्धी. आम्हाले पुरत नाही म्हणून नवी आणतो, पण तिच्यात असतेच काही ना काही. फेकत नाही आम्ही तिले. सांभाळून ठेवतो, निवली का मगच पाठवतो."

सासूबाईंनी पोळीचं फडकं माझ्या हातात दिलं आणि सुईसाठी हात पुढे केला.

औषध हाडांत मुरायला काही तास जावे लागतात. तेवढा वेळ भरपूर पाणी पीत बसायचं आणि इतरांनी उगीच फार चिकटून बसायचं नाही, हे साडभाऊ आयुष्यभर सगळ्यांना बजावत आले. त्या दिवशी मी पाहिलं, तर हा माणूस सासूबाईंशेजारी स्टूल ओढून बसला होता, त्यांचा सुई टोचलेला हात हातात धरून. त्या त्याला मागाच्या गोष्टी सांगत होत्या. मी खुणेने विचारलं, "अंतर?" तर म्हणाले, "राहू द्या गा."

हाडं स्वच्छ निघाली. वयाची झीज तेवढी होती. बातमी सांगताना साडभाऊंचा आवाज असा काही चिरकला की सासूबाईच त्यांना म्हणाल्या, "पानी प्या जवाईबापू, साधं."

उरली ती पोळी. ती साडभाऊंनी चिमट्यात धरावी तशी नेऊन रस्त्यावरच्या एका गाईपासून चांगली दोन हात लांब ठेवली आणि पळ काढला. त्यानंतर मात्र दर सोमवारी, नवी गाय येण्याच्या दिवशी, उमरेडच्या बसने कंडक्टरच्या हाती एक पोळी यायला लागली. साडभाऊ कुरकुरत बसस्टँडवर जात, पोळी आणत आणि पुन्हा तीच कसरत करत. असं काही वर्षं चाललं. अलीकडेच सासूबाई गेल्या. दुखणं नाही, काही नाही. सकाळी पहिली पोळी करून ठेवली आणि जरा पडते म्हणाल्या.

रामटेकला अंबाळ्याच्या तळ्यात अस्थी सोडून आम्ही पायऱ्यांवर बसलो होतो. बोलायचं म्हणून मी विचारलं, "साडभाऊ, याचं अर्धायुष्य किती?" विचारलं आणि जीभ चावली. पण ते रागावले नाहीत. पाण्याकडे बघत म्हणाले, "आमच्या धातूचा उजेड सहा तासांत निम्मा होते, साडभाऊ. लोक समजतात, झालं, संपलं. पण उजेड गेल्यावर जे उरते ना, ते दोन लाख वर्षांत निम्मं होते. काही त्रास देत नाही कुणाले. नुसतं असते." आणि त्यांनी ओंजळीने पाणी घेऊन तोंड धुतलं.

परवा सोमवारी मी रामदासपेठेतून जात होतो. इस्पितळाच्या बाहेर साडभाऊ उभे दिसले. हातात पोळी होती. आता ती धाकटी करते, आईसारखीच जाड आणि कडेला थोडी करपलेली. गाय रस्त्यापलीकडे होती, ती काही येईना. मी गाडी थांबवली. म्हटलं, आता ठेवतील पोळी आणि पळतील. पण ते हलले नाहीत. पोळी हातातच धरून, इकडेतिकडे कुणी बघतंय का याची पर्वा न करता त्यांनी हाक मारली, "ये वं माय, ये."

गाय आली. ती त्यांचा तळहात चाटत होती आणि साडभाऊ डोळे गच्च मिटून तिथेच उभे होते.